पहिल्या दिव्याचा नमस्कार

रेंजवरचे दिवे लागले तेव्हा गुणवंत ठोसर दोन्ही हात छातीशी जोडून उभा होता. डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात पिस्तूल आणि पिस्तुलाची नळी छताकडे. समोरचा पुठ्ठ्याचा चोर जसाच्या तसा उभा होता. एकही गोळी सुटली नव्हती.

झैद मागून आला. आधी त्यानं गुणवंतच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं, मॅगझिन काढलं, दोन्ही टेबलावर ठेवलं आणि मगच तोंड उघडलं. तो इथलाच, पोलिसातून निवृत्त झालेला माणूस. दुबईबाहेर वाळवंटाच्या कडेला असलेल्या या क्लबात तो पिस्तूल शिकवायचा. जन्मभर हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांत वावरल्यामुळे त्याची हिंदी चांगली चालायची.

"गुनवंत भाई, ये दूसरी बार है. मैंने क्या बोला था? नली सामने. छत पे कौन बैठा है?"

झैदनं आवाज न चढवता पुढचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात परीक्षा. त्या दिवशी नळी पुन्हा वर गेली की खलास, या कोर्सला परत घेणार नाही. अंधारात ज्याची नळी भलतीकडे जाते त्याच्यासोबत आपण स्वतः उभे राहणार नाही आणि दुसऱ्याला उभं करणार नाही. यात चुकीचं काहीच नव्हतं. गुणवंत झैदच्या जागी असता तर त्यानंही हेच केलं असतं.

"लेकिन ये करते क्या हो तुम? सरेंडर?"

"आदत है," गुणवंत म्हणाला. कसली सवय ते त्यानं सांगितलं नाही.

ती सवय सुचित्राची होती. तिन्हीसांजेला घरात पहिला दिवा लागला की हात जोडायचे. अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत नोकरी होती तेव्हा क्वार्टर्समध्येही हेच, नंतर बर दुबईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्यावरही हेच. खालच्या मशिदीत मगरिबची बांग झाली की सुचित्रा स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे समई लावायची, मग हॉलमधली ट्यूब लावायची आणि हाक मारायची, "अहो, दिवा लागला." गुणवंतच्या हातात पक्कड असो की चहाचा कप, ते खाली ठेवून त्यानं हात जोडेपर्यंत ती तिथून हलायची नाही. मुलगा निखिल शाळेत होता तेव्हा इंग्रजीत कुरकुरायचा. तिला त्याचं काही नव्हतं. कुरकुरून का होईना, जोडायचा.

आणि मग आठ महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ. गुणवंत कामावरून आला तेव्हा बांग होऊन गेली होती आणि घरात काळोख होता. त्याला वाटलं, मीना बाजारात ब्लाउजपीस आणायला गेली असेल. त्यानं हॉलचं बटण शोधायला भिंतीला हात लावला आणि का कोण जाणे, हात थरथरायला लागला. बटण सापडेना. इमारतींच्या वायरिंगची देखभाल हा त्याचा धंदा, हाताखाली माणसं, आणि स्वतःच्या घरचं बटण सापडेना. शेवटी मोबाइलचा उजेड केला. सुचित्रा स्वयंपाकघरात पडली होती. समई घासलेली होती, तेल घातलेलं होतं, वातही ठेवलेली होती. काडेपेटी तिच्या हाताशी होती. काडी ओढायची राहिली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, काही कळलंसुद्धा नसेल. गुणवंतनं ते ऐकून घेतलं. पण दिवसकार्याला इथल्या मराठी मंडळाची माणसं जमली, गणूनं समई लावली आणि सगळ्यांनी हात जोडले, तेव्हा गुणवंत हात मागे बांधून उभा राहिला.

"ज्यानं तिला एक काडी ओढू दिली नाही, त्याला मी हात जोडणार नाही."

गणू मंडळाचा जुना कार्यकर्ता. त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, वहिनींना काय वाटेल? गुणवंत म्हणाला, "जा, विचारून ये." त्यानंतर मंडळातून आरतीचं बोलावणं आलं नाही.

त्यानं समई फडक्यात गुंडाळून कपाटात टाकली. देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं. हात मात्र ऐकत नसत. संध्याकाळी बटण दाबलं की ते आपोआप वर यायचे. म्हणून तो एक हात खिशात घालून दिवा लावायचा. त्याचाही कंटाळा आला तेव्हा त्यानं पॅसेजमधला दिवा रात्रंदिवस चालूच ठेवला. घरात दिवा कधी विझलाच नाही तर पहिला दिवा लावायची वेळच येत नाही. वीजबिल येईल तेवढं येईल.

क्लबात तो आला तोही कामानिमित्तच. अंधाराच्या रेंजवरचा डिमर बिघडला होता, तो बघायला. दुरुस्ती करून त्यानं दिवे पूर्ण मालवले आणि त्या काळोखात त्याचा हात पुन्हा तसाच थरथरायला लागला. झैदनं ते पाहिलं आणि त्याच्या हातात बॅटरी दिली. इथे काय शिकवता, असं गुणवंतनं विचारलं. अंधारात आधी बघायचं आणि मग ठरवायचं, झैद म्हणाला. समोरच्याच्या हातात पिस्तूल असतं किंवा नुसता मोबाइल. मोबाइलवाल्याला गोळी घातली की नापास. घाबरून उशीर केला तरी नापास. गुणवंतनं त्याच दिवशी नाव घातलं.

सोबत काम करणारा सुदेश मालवणचा. त्यानं आठवडाभर चेष्टा केली. म्हणाला, ह्या देशात लोक गाडी चालू ठेवून दुकानात जातात, तुम्ही कोणापासून वाचणार आहात? घरी पिस्तूल ठेवायची सोय नाही, मग शिकून घालायचं कुठे? गुणवंत म्हणाला, तू स्विमिंग शिकलास, तुझ्या इथल्या खोलीत समुद्र आहे का?

उजेडातलं शिक्षण त्याला छान जमलं. खरं म्हणजे त्याला ती जागाच आवडली. दुबईत सुचित्राशिवाय तो जिथे जिथे जाई, तिथे ती आधी जाऊन आलेली असे. खाडी ओलांडणाऱ्या अब्रा होडीतली बाकडी, भाजीवाला, देवळाची गल्ली. इथे ती कधी आली नव्हती. इथे तो एकटा होता, आणि ते त्याला बरं वाटत होतं.

मग काळोखातला धडा सुरू झाला. बॅटरी गालाशी धरायची, बटण दाबायचं, बघायचं, ठरवायचं, विझवायची, एक पाऊल बाजूला सरकायचं. पहिल्याच वेळी बटण दाबलं आणि दोन्ही हात छातीशी आले. इथेही ती आलीच. गुणवंतला त्या क्षणी इतका राग आला की त्या दिवशीच्या पुढच्या सगळ्या गोळ्या त्यानं नेमक्या जागी मारल्या. आणि आज पुन्हा तेच.

घरी जाऊन त्यानं ठरवलं की हातांची सवय मोडायची.

दोन दिवसांनी निखिल डबा घेऊन आला. तो शारजात राहायचा. शुभ्रानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सासऱ्यासाठी मसालेभात दिला होता. क्लबाची बातमी त्याला सुदेशकडून कळली होती आणि दोन रात्री त्याला झोप नव्हती. त्यानं आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं. कायम जळणारा पॅसेजचा दिवा बंद होता. आत काळोख. एकदम बॅटरी लागली आणि त्याला दिसलं ते असं. बाबा स्वयंपाकघरात पाय फाकवून उभे, डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात टीव्हीचा रिमोट, देव्हाऱ्याचं दार सताड उघडं आणि रिमोट थेट बाळकृष्णावर रोखलेला. मग त्याच्या डोळ्यांदेखत रिमोट आणि बॅटरी छातीशी येऊन जोडली गेली. बाबांनी एक शिवी दिली.

"बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"प्रॅक्टिस."

"देवावर?"

"मग काय शेजाऱ्यांवर करू?"

निखिलनं डबा ओट्यावर ठेवला आणि तिथल्याच स्टुलावर बसला. बराच वेळ तो डब्याच्या कडीशी खेळत राहिला.

"बाबा, खरं सांगा. पिस्तूल कशासाठी?"

तो काय विचारतो आहे ते गुणवंतला कळलं. पोराचा चेहरा उतरला होता. गुणवंतनं रिमोट खाली ठेवला.

"तसलं काही नाही रे. मला मरायचं असतं तर त्यासाठी मी क्लास लावला असता का?"

निखिल हसला नाही. तेव्हा गुणवंतनं त्याला आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

"त्या दिवशी मला बटण सापडलं नाही, निखिल. हात थरथरत होता. लवकर सापडलं असतं तर ती वाचली असती असं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. पण मी दारात उभा राहून भिंत चाचपत होतो आणि ती तिथे पडली होती. एकदा, फक्त एकदा, काळोखात माझा हात माझं ऐकतो, एवढं मला बघायचंय. हे हात बघ, अजूनही तिचंच ऐकतात."

निखिल उठला. आईचं नाव निघालं की तो सहसा विषय बदलायचा. आजही त्यानं तेच केलं, पण कामाच्या दिशेनं. म्हणाला, पुन्हा करून दाखवा. गुणवंतनं बॅटरी विझवली, पुन्हा लावली. हात जागेवर. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. रिमोट देव्हाऱ्यावर जिथे धरला तिथेच राहिला. गुणवंत स्वतःच चक्रावला. आत्ता तर जोडले होते.

"बाबा, ऑफकोर्स," निखिल म्हणाला. "आई पहिल्या दिव्यालाच सांगायची. नंतर बाथरूमचा लावला, बेडरूमचा लावला, कोण हात जोडतं? तुम्ही इथे दिवा कधी विझवतच नाही. त्यामुळे तुमचा पहिला दिवा तिकडे रेंजवर लागतो."

गुणवंतला झैदचे दोन्ही धडे आठवले. खरंच होतं. पहिल्या दिवशीही फक्त पहिल्या वेळीच हात आले होते. दुसऱ्या दिवशी झैदनं दुसरी वेळ येऊच दिली नव्हती.

"म्हणजे सिम्पल आहे," निखिल म्हणाला. "परीक्षेला निघताना समई लावा, नमस्कार करा आणि जा. डन."

"नाही."

"का नाही?"

"त्याच्यापुढे दिवा लावणार नाही. हात जोडणार नाही. सगळ्यांसमोर बोललोय."

"म्हणजे नापास व्हाल, पण दिवा लावणार नाही."

"हो."

"हा शुद्ध हट्ट आहे."

"आहेच."

निखिलनं मग वाद घातला नाही. दोघांनी मसालेभात खाल्ला. गुणवंतनं पुन्हा घेतला, तेवढ्यावर निखिलचं समाधान झालं. दारात बूट घालताना तो म्हणाला, परीक्षेला मी येणार आहे. नको, गुणवंत म्हणाला. मी विचारत नाहीये, सांगतोय, निखिल म्हणाला. हे बोलणं हुबेहूब त्याच्या आईचं होतं.

परीक्षेच्या दिवशी गुणवंत कामावरून थेट क्लबात गेला. घराकडे वळण्याचा मोह नको म्हणून दुसऱ्या रस्त्यानं गेला. पोचला तेव्हा सूर्य वाळूत उतरत होता आणि दूर कुठेतरी बांग सुरू झाली होती. निखिल पार्किंगमध्ये उभाच होता. त्यानं एकदा वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दिवा लावला का हे विचारलंच नाही. लावला नसणार हे त्याला ठाऊक होतं.

काळोखाच्या रेंजवर एका वेळी एकच माणूस जायचा. आत जाण्याआधी बाहेरच्या उजेडात बॅटरी लावून बघायची, अशी पद्धत होती. गुणवंतची पाळी आली तेव्हा त्यानं बॅटरी खिशातून काढलीच नाही.

"झैद भाई, बत्ती मैं अंदर जाके देखूँगा. अंधेरे में. पिस्तूल टेबल पे रहेगा, खाली."

झैदनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं, पण नियमाविरुद्धही काही नव्हतं. त्यानं पिस्तूल स्वतः तपासलं, मॅगझिन आपल्या खिशात ठेवलं आणि मान हलवली.

"देखो. यल्ला, चलो."

काचेमागे निखिल उभा होता. दिवे गेले.

काळोख तसाच होता, त्या संध्याकाळी दारात होता तसा. गुणवंतचा हात थरथरायला लागला. त्यानं बॅटरी गालाशी धरली आणि बटण दाबलं.

उजेड समोरच्या पुठ्ठ्याच्या माणसावर पडला. छापील मिशा, निळा शर्ट, कानाला मोबाइल. हात यायला लागले. आठ महिने खिशात कोंबलेले, मागे बांधलेले, शिव्या खाल्लेले हात. या वेळी गुणवंतनं ते अडवले नाहीत. ते छातीशी पोचले, बॅटरीसकट जुळले. त्यानं त्या मिशीवाल्याच्या डोळ्यांत बघून सावकाश, नीट नमस्कार केला.

मनात म्हणाला, देवा, बघून घे. ह्याला जोडले. तुला नाही.

आणि मग आठ महिने ज्या हाकेला त्यानं उत्तर दिलं नव्हतं, ते उत्तर हळूच दिलं.

"सुचित्रा, दिवा लागला."

मागून झैदनं विचारलं, "खलास?"

"खलास."

मॅगझिन चढलं. कानांवर आवाज अडवणारे मफ आले. समोरचा पुठ्ठा बदलला गेल्याचा आवाज झाला आणि झैदची शिट्टी वाजली.

गुणवंतनं बटण दाबलं. माणूस, हातात पिस्तूल. दोन गोळ्या, उजेड बंद, पाऊल बाजूला. बटण दाबलं. बाई, कडेवर मूल. उजेड बंद, पाऊल बाजूला. बटण दाबलं. दोघे, मागच्याच्या हातात सुरा, पुढचा नुसताच भेदरलेला. गुणवंत अर्धं पाऊल सरकला, मागचा दिसला, गोळी. नळी एकदाही छताकडे गेली नाही. शेवटच्या वेळी मात्र बटण दाबताना हात पुन्हा थरथरला. उजेड पुठ्ठ्यावर नाचला. गुणवंत थांबला. भिंत चाचपली नाही, घाई केली नाही. नाचणाऱ्या उजेडात जे दिसत होतं ते नीट बघितलं. पिस्तूलच होतं. त्यानं चाप ओढला. हात थरथरत होता, पण ऐकत होता.

दिवे लागले. झैद पुढे जाऊन सगळे पुठ्ठे बघून आला. शेवटची गोळी छातीत हवी होती, ती पोटाच्या कडेला लागली होती.

"पास. आखरी वाली खराब है."

"मालूम है."

झैदनं पिस्तूल रिकामं करून घेतलं. जायला निघाला आणि पुन्हा वळला. पोलिसी सवय, मनात आलेलं विचारल्याशिवाय राहवेना.

"वो नमस्ते किसको किया?"

गुणवंतनं कोपऱ्यात काढून ठेवलेल्या मिशीवाल्याकडे बोट दाखवलं.

"उसको? वो तो फोन पे बात कर रहा है. शरीफ आदमी है बेचारा."

"इसीलिए," गुणवंत म्हणाला.

निखिलनं त्याला स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. गुणवंतची गाडी उद्या सुदेश आणेल, असं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. फ्लायओव्हरवर निखिल एवढंच म्हणाला की काचेमागून सगळं दिसत होतं, आई असती तर त्या मिशीवाल्याला हळदीकुंकू लावून आली असती. दोघेही हसले. निखिलला मग समोरचं नीट दिसेना, त्यानं गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ तशीच उभी ठेवली. गुणवंतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर गुणवंतनं पॅसेजचा दिवा बंद केला. घर काळं झालं. आता घाई नव्हती. त्यानं काळोखातच कपाट उघडलं, फडक्यात गुंडाळलेली समई काढली, स्वयंपाकघरात नेली. देव्हाऱ्याचं दार बंदच ठेवलं. समई त्यानं ओट्यावर ठेवली, सुचित्रा उभी राहायची त्या जागी. तेल घातलं. वात त्याला नीट वळता आली नाही, जाड झाली. तिच्या हाताशी सापडलेली काडेपेटी तिथेच फळीवर होती, दिवसकार्यानंतर कोणी हात न लावलेली.

पहिल्याच काडीत पेटली. उजेड भिंतीवर चढला. हात दोन्ही बाजूंना सरळ होते. एक बोटसुद्धा हललं नाही.

आजचा नमस्कार होऊन गेला होता.